पावात काहीबी, शब्दात काय?

इस्लामपूरच्या गाड्यावर हल्ली पोरं पावात काहीबी घालून खातात. खर्डा आणि फरसाण. दही आणि शेंगाचटणी. एक तर केळ्याचे वेफर्स दाबून भरतो. (माझं मत शेंगाचटणीला, वर कच्चं तेल पाहिजे.) घास घेतला की "इषय हार्ड!" आणि पैसे देताना "पन्नास खोके, एकदम ओके!"

मी विचारलं, खोका म्हणजे किती रे? "लय!" म्हणाला.

खोका म्हणजे एक कोटी. पेटी म्हणजे लाख. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ही घोषणा दिली, तेव्हा तो आमदार फुटल्याचा आरोप होता. शिंदे गटानं तो फेटाळला. खरा की खोटा, हे लोकांनी विचारायला हवं होतं. त्याआधी जूनमध्ये शहाजीबापूंची "काय झाडी, काय डोंगर" क्लिप आली. गाणी निघाली, वरातीत वाजली. राज्यातलं सरकार पडत होतं आणि आपण स्टेटस ठेवत होतो.

बापूंची बोली अस्सल माणदेशी, तिच्यावर आपला राग नाही. पण पन्नास कोटींचा आरोप आता पावासंगं तोंडी लावायला आलाय. कुठल्याच पक्षाला त्याची अडचण वाटत नाही.