आधी ट्राम, मग घुमट

मुलांनो, परदेशातलं शहर बघायला हातात नकाशा हवाच. पण तिथला एखादा दोस्त बरोबर असेल, तर त्याची मजा काही औरच! जपानमधल्या हिरोशिमात मला अशी एक मैत्रीण भेटली. ती तिथल्या शाळेत शिकवते. आदल्या दिवशी आगगाडीत शेजारी बसलो, तेवढीच ओळख. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझं जपानी शून्य. पण हातवारे करता आले की गप्पा अडत नाहीत, बरं का!

हिरोशिमा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? अणुबाँब. मलाही तेच आठवलं. सकाळी भेटताच मी म्हटलं, "आधी तो पडका घुमट बघू या." तिनं मान हलवली. "नाही. आधी ट्राम!"

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. हिरोशिमात मात्र ती भर रस्त्यातून ऐटीत धावते. क्योतो, ओसाका, कोबे या शहरांनी काढून टाकलेले ट्रामचे डबेही या शहरानं आपलेसे केले. खिडकीतून पाहावं तर पुन्हा पुन्हा नदी आणि पूल! हे शहर ओता नदीच्या मुखाशी, तिच्या फाट्यांमधल्या जमिनीवर वसलंय. हिरोशिमा म्हणजे 'रुंद बेट'.

ट्राममध्ये मैत्रिणीनं सांगितलेली हकिकत ऐका. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले, तेव्हा ट्राम कंपनीनं १९४३ साली मुलींची एक शाळा काढली. शिकता शिकता काम करायचं. तुमच्या ताईएवढ्या या मुली तिकिटं देत आणि चक्क ट्रामही चालवत! ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बाँब पडला. त्यांतल्या कितीतरी मुली गेल्या. तरीही ९ ऑगस्टला, अवघ्या तीन दिवसांनी, एका छोट्याशा टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. वाचलेल्या मुली परत कामाला लागल्या.

दुपारी आम्ही ओकोनोमियाकी खाल्लं. तापलेल्या तव्यावर पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, नूडल्स, अंडं आणि वरून गोडसर सॉस. मांस नको असेल तर आधीच सांगायचं. आणि गंमत म्हणजे, चिमुकल्या उलथन्यानं थेट तव्यावरूनच खायचं!

मग गेलो घुमटाकडे. ही इमारत १९१५ साली यान लेत्सेल या चेक वास्तुशिल्पकारानं बांधली. बाँब जवळजवळ तिच्या डोक्यावरच, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. भिंती आणि घुमटाचा सांगाडा तेवढा उरला. तो तसाच जपलाय. त्या वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, असा अंदाज आहे.

जवळच मुलांचं स्मारक आहे. बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. बाँबच्या किरणोत्सर्गामुळे पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. बरं वाटावं म्हणून ती कागदाचे सारस पक्षी दुमडत राहिली. १९५५ साली, बाराव्या वर्षी, ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, जपानभरच्या शाळांतल्या मुलांनी पैसे जमवले आणि १९५८ साली हे स्मारक उभं राहिलं. आजही जगभरची मुलं तिथे कागदी सारसांच्या माळा पाठवतात.

माझा आवाज आपोआप हळू झाला. मैत्रीण म्हणाली, "म्हणूनच आधी ट्राम दाखवली. घुमट आधी पाहिला, की पाहुणे दिवसभर आमच्याशी असंच कुजबुजत बोलतात. मग कोबी कसा लागला, हेसुद्धा सांगत नाहीत!"

आम्ही दोघी हसलो आणि सादाकोपुढे हात जोडून उभ्या राहिलो. हसणं आणि हात जोडणं, दोन्ही खरं होतं.

मुलांनो, १९९३ च्या भूकंपामुळे लातूरजवळचं किल्लारी साऱ्या देशाला माहीत झालं. पण तिथेही शाळा भरते, बाजार भरतो, मुलं क्रिकेट खेळतात. अशा गावचा दोस्त भेटला, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल?