लटकतं पाणी

सेंट लुसियात मिनीबसमध्ये पाय ठेवला की आधी आत बसलेल्या सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं असतं. पहिल्या दिवशी मी मुकाट्याने चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. पण संध्याकाळी घरमालकीण आजींनी मला जवळ बसवून विचारलं, “दूदू, तू म्हणे कुणाशी बोलली नाहीस?” दूदू म्हणजे लाडके. बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं, कारण मी मालवणकडची. वाटेत भेटलेल्याला ‘खंय चललंस?’ न विचारता पुढे गेलं तर आमच्या गावातही माणसं ते मनात धरतात.

सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 2024 च्या सप्टेंबरात एका स्वयंसेवी संस्थेमार्फत वर्षभरासाठी या कॅरिबियन बेटावर आले. बेट 617 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या मुंबईहून थोडंसंच मोठं. माझी शाळा नैर्ऋत्येला श्वाझेल भागात, डोंगराच्या उतारावर. काम एकच: प्राथमिक शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांना इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवायचं.

सकाळी साडेपाचला उठायचं आणि आधी नळ बघायचा. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी गढूळ येतं, म्हणून पिंप आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. आजी कोकोची कांडी किसून दूध, दालचिनी नि जायफळ घालून ‘कोको टी’ उकळायच्या. सोबत ‘बेक’ नावाच्या तळलेल्या पुऱ्या. मग चढण चढून शाळा. राष्ट्रगीत, प्रार्थना, इस्त्रीचे गणवेश, मुलींच्या वेण्यांना गणवेशाच्या रंगाच्या रिबिनी. त्या ऑगस्टातच जुलियन आल्फ्रेडने पॅरिसला शंभर मीटर धावण्यात देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं होतं, तेही सुवर्ण. त्यामुळे मधल्या सुट्टीत मैदानावरची प्रत्येक मुलगी जुलियन असायची. वर्गाला पत्र्याचं छप्पर. पाऊस आला की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. मग आम्ही सगळे गप्प बसून पाऊस संपायची वाट बघायचो. कोकणात मी असंच शिकवलं होतं.

जेवणाने तर मला पहिल्या आठवड्यातच आपलंसं केलं. श्वाझेलच्या बायका हाताने मातीच्या शेगड्या घडवतात, त्यांना ‘कोल पॉट’ म्हणतात. आजींनी अशाच एका शेगडीवर काळं होईतो भाजलेलं ब्रेडफ्रूट फोडलं, वाफ आली, आणि मी ओरडलेच, “हा तर नीरफणस!” कोकणात त्याच्या कापा तव्यावर भाजतात. या भागात ते झाड आणलं कॅप्टन ब्लायने. 1793 मध्ये पॅसिफिकमधून त्याने रोपं वेस्ट इंडिजमध्ये उतरवली, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. आजींना हे ठाऊक होतं. “झाडाचा काय दोष?” एवढंच त्या म्हणाल्या आणि मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. अळूला त्या दशीन म्हणतात. त्याची पानं शिजवून कॅलालू करतात, ते आपल्या फदफद्याचं सख्खं भावंड. कच्च्या केळ्यांना मात्र ‘फिग’ म्हणतात, आणि मी कित्येक दिवस अंजिराची वाट बघत होते.

खरी गोष्ट वहीची आहे.

नऊ वर्षांचा एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. विचारलं तर मान खाली. स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायला सांगितली तेव्हा त्याने लिहिलं, ‘आय हॅव नाइन इयर्स.’ पुढे, ‘इट मेकिंग हॉट.’ मी सवयीने लाल पेन उचललं, दोन्ही वाक्यं खोडली, वर बरोबर इंग्रजी लिहिलं. वही परत दिली तेव्हा त्याने ती छातीशी धरली. त्यानंतर आठवडाभर त्याने काहीच लिहिलं नाही.

घरी मी आजींना ती वाक्यं सांगितली. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “म्वें नी नेफ लान्ने.” म्हणजे माझ्यापाशी नऊ वर्षं आहेत. उकडतंय म्हणायचं तर “ई का फे शो”, म्हणजे गरम करतंय. मुलाने क्वेयोल बोलीचा सांगाडा ठेवून वर इंग्रजी शब्द चढवले होते. एकही वाक्य त्याने अंदाजपंचे लिहिलेलं नव्हतं, त्याच्या डोक्यात पक्कं व्याकरण होतं.

हे बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा इकडून तिकडे गेलं असं इथलं प्रत्येक जण सांगतं. शेवटी सत्ता राहिली इंग्रजांची, घराघरांत मात्र राहिली फ्रेंच शब्दांची आणि आफ्रिकी वळणाची क्वेयोल. आजींच्या लहानपणी शाळेत ती बोललं की पट्टी बसायची. म्हणून आपल्या मुलांशी त्या हट्टाने इंग्रजीच बोलल्या. नातवंडं क्वेयोल चोरून ऐकून शिकली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सिंधुदुर्गातल्या माझ्या शाळेतला, पहिलीतला एक मुलगा आठवत राहिला. “बाई, माका येना नाय,” म्हणाला होता, आणि मी त्याच्याकडून “मला येत नाही” दहा वेळा म्हणवून घेतलं होतं. माझ्या आईची भाषा ती. तिच्या तोंडची मालवणी मी वर्गात चूक ठरवली. त्या मुलाची माफी मागायला आता कुठे जाऊ?

दुसऱ्या दिवशी लाल पेन कपाटात ठेवलं. प्रत्येक वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘घरी कसं म्हणतो’, उजवीकडे ‘शाळेत कसं म्हणतो’. डावीकडचं कधीच खोडायचं नाही. एका सहकारी बाईंना हे पटलं नाही. “परीक्षा इंग्रजीत, हॉटेलातली नोकरी इंग्रजीत, क्वेयोलने पोट भरत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. कोकणातल्या पालकांच्या तोंडूनही मी तेच ऐकत आले आहे. पण उजवीकडचा रकाना भरू लागला तो डावीकडचा भरल्यावरच, हे मी त्यांना वह्या उघडून दाखवलं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार हा इथे क्वेयोलचा सण, ‘जुनेन क्वेयोल’. आधीच्या शुक्रवारी मुलं मद्रास चौकटीच्या कपड्यांत शाळेत आली. मूळचं मद्रासचं हे कापड आता इथल्या राष्ट्रीय पोशाखाचं झालं आहे. वर्गात गोष्टी आणि कोडी चालली होती. मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला, पुढे येऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “टिम टिम!”

“ब्वा सेश!” सगळा वर्ग गरजला. कोडं घालणाऱ्याला असाच हुंकार द्यायचा असतो.

“द्लो पान?”

लटकतं पाणी. मुलांना ठाऊकच होतं, पण सगळी माझ्याकडे बघत होती. खिडकीबाहेर माड हलत होते. “कोको,” मी म्हटलं. नारळ.

त्याने मान डोलावली. मग जागेवर जाऊन वही उघडली, पट्टीने आणखी एक रेघ मारली आणि विचारलं, “मिस, तुझ्या घरी कसं म्हणतात?”

“लोंबता पाणी,” मी सांगितलं. मालवणीतच.

त्याने ते तिसऱ्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत, कानाला लागलं तसं लिहिलं. मी खाली तारीख घातली, 25 ऑक्टोबर 2024, आणि वही त्याच्या हातात दिली.