नेट कुठे अडलं आणि गणित कुठे चुकलं



पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायचे होते आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. रात्री घरचा संगणक सुरू केला, तर तो आधी अपडेट होत बसला. अपडेट संपलं आणि नेट गायब! वाय-फाय जोडलेलं दिसत होतं, पण खाली 'नो इंटरनेट'.

घाबरल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. राउटर बंद-चालू केला, अँटिव्हायरस काढून टाकला, शेवटी 'नेटवर्क रीसेट'ही करून बघितलं. नेट तर आलं नाहीच, उलट संगणक वाय-फायचा पासवर्डही विसरला. तो शोधून परत टाकला, तरी तेच. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, माझ्या मोबाईलवर तर चालतंय की!"

तेव्हा कुठे मी थांबले. आपल्या श्रीरामपूरकडे शेतात कालव्याचं पाणी पोचलं नाही, तर शेतकरी काय करतो? आधी कालव्याला पाणी आहे का बघतो, मग चारी, मग पोटचारी. जिथपर्यंत पाणी आलंय, त्याच्या पुढेच कुठेतरी अडलेलं असतं. नेटचंही तसंच आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर या क्रमाने बघा:

१. त्याच वाय-फायवर मोबाईल चालतो का? मोबाईल डेटा बंद करून बघा. चालत असेल तर बाहेरची लाईन आणि राउटर ठीक आहे. दोष संगणकात आहे.

२. फार घाई असेल तर मोबाईल केबलने संगणकाला जोडा आणि मोबाईलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. मोबाईलचं नेट संगणकाला मिळतं. मी फॉर्म असेच भरले. शिवाय एक गोष्ट कळली : असं नेट चालतंय, म्हणजे ब्राउझर ठीक आहे, संशय वाय-फायच्या भागावर.

३. केबल काढा. 'स्टार्ट'मध्ये 'सीएमडी' शोधून उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. संगणकाने स्वतःच एक घेतलाय. माझ्याकडे हेच होतं. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर राउटरपर्यंतचं बहुधा ठीक आहे. अडचण पुढे शोधा.

४. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडा. वाय-फायच्या नावावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'. अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला असेल तर जुना परत येतो. हे बटण पुसट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा.

जुना ड्रायव्हर आणला, संगणक पुन्हा सुरू केला आणि नेट आलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. आणि हो, पासवर्ड वहीत लिहून ठेवा!

पण हे सगळं शिक्षकांना सांगायचं कारण वेगळंच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीची वही हातात आली. भागाकाराची चार गणितं, चारही चूक. महिनाभर मी तिला "पाढे पाठ कर" म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच एकेक पायरी बघत गेले. ६१२ भागिले ६. सहाला सहाने भाग लावला, १ बरोबर. पुढचा १ खाली घेतला, भाग जात नाही. तिने तिथे शून्य न लिहिताच २ खाली घेतला आणि उत्तर लिहिलं १२. चारही गणितांत नेमकं तेच. पाढे तिचे पक्के होते! चांगला असलेला राउटरच मी महिनाभर बंद-चालू करत होते.

"भाग जात नाही, तर तिथे काय लिहायचं?" एवढंच मी विचारलं. थोडा वेळ वहीकडे बघून ती म्हणाली, "शून्य." पुढची तीन गणितं तिची तिने दुरुस्त केली. महिनाभर ऐकून घेतलेल्या "पाढे पाठ कर"बद्दल ती काही बोलली नाही. मला मात्र ते अजून लागून आहे.

पालकहो, मुलाचं गणित चुकलं तर "लक्ष देत नाहीस" म्हणण्याआधी शेजारी बसा. कुठपर्यंत बरोबर आलंय ते आधी बघा, त्याच्या पुढेच चूक सापडेल.