मागे राहिलेले सुभेदारकाका

माझ्या वडिलांचा पाय फौजी डॉक्टरांनी वाचवला, त्यांचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. पण त्यांची पलटण श्रीलंकेत असताना आमचं घर उभं राहिलं ते सुभेदारकाकांमुळे. ते स्वतः श्रीलंकेत गेलेच नाहीत. पलटण समुद्रापार जाते तेव्हा थोडी माणसं ठाण्यावर मागे ठेवली जातात. कुटुंबं, कागदपत्रं, कोठार आणि रजेवर येणारे-जाणारे जवान या सगळ्यांचा भार त्यांच्यावर असतो. मागे ठेवलेल्या या तुकडीला फौजेत ‘रिअर पार्टी’ म्हणतात. आमच्या लाइनीत, म्हणजे फौजी कुटुंबांच्या वस्तीत, तिचा रोजचा कारभार काकांकडे होता.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. लगेच सिकंदराबादची ५४ इन्फंट्री डिव्हिजन जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरू लागली. वडील तेव्हा हवालदार होते. ‘शांतिसेना आहे, लढाई नाही,’ एवढंच आईला सांगून ते निघाले. १० ऑक्टोबरला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई पेटली. ‘ऑपरेशन पवन’ हे नाव आम्ही रेडिओवर ऐकलं. मग ३६, ५७ आणि ४ या डिव्हिजनही तिकडे गेल्या. जाफना, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, वावुनिया असे मुलूख त्यांच्यात वाटले गेले. लाइनीतल्या बायकांना यातलं काहीच कळत नव्हतं. पत्रावर एपीओचा, म्हणजे फौजी डाकघराचा, नंबर असायचा, गावाचं नाव नसायचं.

संध्याकाळी काका आम्हा पोरांना ऑफिसच्या पायरीवर बसवून सगळं समजावून सांगत. दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. चार रायफल कंपन्यांची पलटण, तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. “पोरी, तुझा बाप तिथं एकटा नाही,” ते म्हणायचे. “एक कंपनी गस्तीला गेली की दुसरी पोस्ट धरून बसते. तिसरी रस्त्यावरचे सुरुंग शोधते. चौथी हाताशी राखीव ठेवतात, कुणावर बाका प्रसंग आला तर धावायला. पाळी बदलते, म्हणून माणूस टिकतो.” माझी भीती त्यामुळे गेली नाही. पण कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे मला उमगलं.

त्यांच्या टेबलावर एक लांबडं रजिस्टर असे. पानावर रकाने आखलेले: मोर्चावर, रजेवर, कोर्सवर, इस्पितळात, वाटेत. नावं पेन्सिलीने लिहिलेली, कारण ती रोज इकडची तिकडे होत. खाली बेरीज शाईने, आणि ती पलटणीच्या एकूण नफरीशी, म्हणजे माणसांच्या संख्येशी, जुळल्याशिवाय काका टेबल सोडत नसत. एकदा एक जवान कुठल्याच रकान्यात बसेना. रजा संपवून तो मद्रासच्या ट्रान्झिट कॅम्पकडे निघाला होता, पण पोहोचल्याची खबर नव्हती. काकांनी रात्री उशिरापर्यंत फोन लावले. गाडी चुकल्याने तो विजयवाड्याला अडकला होता, हे कळल्यावरच ते जेवले. तो वेळेवर पोहोचला नाही तर तिकडच्या दुसऱ्याची रजा लांबणार होती. एका घरी बाप पोहोचायचा तर दुसऱ्या घरचा बाप आधी बोटीत बसायला हवा, हे मी त्या रात्री शिकले.

वडिलांचं नाव ‘इस्पितळात’च्या रकान्यात गेलं त्या दिवशी काका स्वतः घरी आले. बाहेर कुजबुज पसरण्याआधी आले. आईला म्हणाले, “सूनबाई, सुरुंग फुटलाय. पायाला लागलंय, शुद्धीवर आहे. पलालीहून विमानाने मद्रासला आणलंय. पाय राहील की नाही ते मला ठाऊक नाही. कळलं की पहिल्यांदा तुम्हाला सांगेन.” खोटा धीर दिला नाही, लपवलंही नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट, सोबतीला एक जवान, आईच्या हातात खर्चाचे पैसे, आम्हा भावंडांची शेजारच्या क्वार्टरमध्ये सोय, हे सगळं त्यांनी रात्रीतून केलं. आई परतेपर्यंत माझी शाळा एक दिवसही बुडली नाही.

पुढे पलटणीची बदली आली. नव्या पलटणीची आघाडीची तुकडी आधी पोहोचली. तिने एकेक पोस्ट, तिथल्या वाटा, पाण्याची ठिकाणं, सुरुंगांची माहिती जुन्यांबरोबर फिरून समजून घेतली. मुख्य पलटण पोहोचल्यावर ताबा सोपवून मगच आमची माणसं निघाली. वडील सांगत, अदलाबदलीचे हे दिवस सर्वांत धोक्याचे, कारण जुन्यांचं लक्ष घराकडे लागलेलं आणि नव्यांना वाट माहीत नाही. शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेंहून अधिक जवान परतले नाहीत. त्यांतल्या आमच्या पलटणीच्या प्रत्येक घरी काका स्वतः गेले. पेन्शनचे कागद पुरे होईपर्यंत पुन्हा पुन्हा गेले.

वडील आजही जरा लंगडतात, पण स्वतःच्या पायांनी शेतावर जातात. काका आता नाहीत. त्यांना लढाईचं कुठलंही पदक मिळालं नाही, कारण ते लढाईत नव्हतेच. त्यांचं ऋण फिटण्यातलं नाही, निदान ते कबूल तरी करावं म्हणून हे लिहिते आहे.

सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या कितीतरी गावांत असे निवृत्त सुभेदार, हवालदार, क्लार्क आहेत. त्यांना कोण लढलं एवढंच विचारू नका. पलटण बाहेर असताना मागे कोण होतं, घरं कुणी सांभाळली, हेही विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्या हयातीतच लिहून ठेवा.