एक प्रत, अनेक तारखा : गोंदियातील बॅकअप-स्थलांतराचा अनुभव

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आहे, आणि त्याच्या व्यापारी व्यवहाराचा मोठा भाग राईस मिलभोवती फिरतो. आधारभूत किमतीने खरेदी होणारे धान येथे मुख्यतः मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर जमा होते, तेथून ते भरडाईसाठी मिलकडे जाते आणि एका क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ शासनाकडे जमा करावा लागतो. या साखळीत धानाची उचल, बारदाना, वाहतुकीची बिल्टी, तांदळाची जमा आणि भरडाईचे देयक अशा प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो, आणि तो हिशेबाच्या वहीत, म्हणजे आता टॅलीसारख्या संगणकप्रणालीत, नोंदवला जातो. अनेक मिलचे हिशेब सांभाळणाऱ्या गोंदिया शहरातील एका करसल्लागार कार्यालयाचा बॅकअपसंग्रह जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर नेण्याच्या कामात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता, आणि त्या कामातून जे स्पष्ट झाले त्याची मांडणी पुढे केली आहे.

असा संग्रह वर्षानुवर्षे का जपायचा, याचे उत्तर प्रथम कायद्यात सापडते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात हीच मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहे. आणि ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीनंतर कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले आहे. भागीदारीतील मिलना कंपनी कायदा लागू नसला तरी दुसरे, व्यावहारिक कारण सर्वांनाच लागू पडते. ऑक्टोबरात चुकून खोडली गेलेली नोंद मार्चअखेरीस लक्षात आली, तर आदल्या रात्रीचा बॅकअप निरुपयोगी ठरतो, कारण त्यातही ती नोंद नसते. अशा वेळी ऑक्टोबरातील नेमकी तारीख हाताशी असावी लागते. म्हणून बॅकअप म्हणजे शेवटची प्रत नव्हे, तर तारखांची मालिका होय.

ही मालिका कमी जागेत बसवण्यासाठी या कार्यालयात दोन पद्धती एकामागून एक वापरात आल्या होत्या. पहिली पद्धत आरसिंक या प्रोग्रामची होती. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेला हा प्रोग्राम दोन ठिकाणच्या फाइलींमधला फरक शोधून तेवढाच पाठवतो. शिवाय रोजच्या बॅकअपचे स्वतंत्र फोल्डर तयार करताना, न बदललेली फाइल पुन्हा न लिहिता कालच्याच फाइलीला आजच्या फोल्डरात आणखी एक नाव देण्याची सोय त्यात आहे. या जादा नावाला हार्ड लिंक म्हणतात. लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत फाइलचे नाव आणि फाइलमधला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असून, मजकूर डिस्कवर कोठे आहे याची नोंद आयनोड नावाच्या रचनेत असते आणि नाव केवळ त्या आयनोडकडे निर्देश करते. गोदामात तांदळाची थप्पी एकच असते आणि आवक, साठा व तपासणी अशा तीन रजिस्टरांत तिची नोंद असते, तसाच हा प्रकार आहे. एखाद्या रजिस्टरातील नोंद काढल्याने थप्पी हलत नाही. शेवटची नोंद गेल्यावरच ती जागा मोकळी मानली जाते.

उदाहरणादाखल, मूळ माहिती २०० गीगाबाइट आणि रोजचा बदल १ गीगाबाइट धरला, तर ६० दिवसांची मालिका या पद्धतीने सुमारे २५९ गीगाबाइटमध्ये मावते. तीच माहिती रोज पूर्ण लिहिली तर १२,००० गीगाबाइट, म्हणजे १२ टेराबाइट, जागा लागते. स्कॅन केलेल्या बिल्ट्या आणि पावत्या एकदा ठेवल्यावर बदलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बचत जवळजवळ पूर्ण असते. टॅलीच्या डेटाफाइलींचे मात्र तसे नाही; एक व्हाउचर टाकले तरी मोठी फाइल बदलते आणि ती डिस्कवर पूर्णच नव्याने लिहावी लागते. या अडचणीमुळे कार्यालयाने पुढे बोर्ग हा प्रोग्राम स्वीकारला. ॲटिक या प्रकल्पातून २०१५ मध्ये फुटून निघालेला बोर्ग फाइलीचे मजकुरानुसार तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची गणिती ओळखखूण, म्हणजे हॅश, काढतो आणि तीच ओळखखूण असलेला तुकडा आधीच साठ्यात असेल तर तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. या रीतीला डीडुप्लिकेशन म्हणतात. हार्ड लिंकमध्ये बचतीचे एकक अख्खी फाइल असते, तर येथे ते तिचा एक तुकडा असते.

जुन्या सर्व्हरच्या डिस्कांचे आयुष्य संपत आल्यावर स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला, आणि सामान्य कॉपी येथे का चालत नाही हे लगेच दिसून आले. नवा सर्व्हर पुरवणाऱ्या विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने नेटवर्कवरील सामायिक फोल्डर उघडून सर्व तारखा एकदम ओढण्यास सुरुवात केली, तेव्हा जुन्यापेक्षा मोठी असलेली नवी डिस्कही मालिका अर्ध्यावर येण्याआधीच भरली. सामायिक फोल्डरातून पाहणाऱ्या संगणकाला ६० नावे ६० स्वतंत्र फाइलींसारखी दिसतात, आणि तो इमानेइतबारे ६० प्रती काढतो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली पोर्टेबल डिस्क मध्ये वापरली तरी तेच घडते, कारण त्या फाइलव्यवस्थेत हार्ड लिंकची सोयच नाही.

आरसिंकला हार्ड लिंक जपण्याची आज्ञा देता येते; पण ती एकाच फेरीत पाठवलेल्या फाइलींपुरती लागू होते आणि कोणते नाव कोणत्या आयनोडचे याची यादी प्रोग्रामला स्मृतीत धरून ठेवावी लागते. सर्व तारखा एका फेरीत घेतल्या तर ही यादी सर्व्हरच्या रॅमला जड होते, आणि तारखा सुट्या पाठवल्या तर तारखांमधले दुवे तुटतात. त्यामुळे प्रत्यक्षात वेगळा क्रम ठरला : सर्वांत जुनी तारीख प्रथम पूर्ण पाठवायची, त्यानंतरची प्रत्येक तारीख पाठवताना नव्या सर्व्हरवरील आदल्या तारखेचा आधार घ्यायला सांगायचे, आणि दोन्हीकडील वापरकर्त्यांची नावे जुळतील यावर विसंबून न राहता मालकीचे अंक जसेच्या तसे ठेवायचे. असे केल्याने मालिका जशी मुळात घडली तशीच, जुन्याकडून नव्याकडे, पुन्हा घडत जाते. एखादी फाइल मधल्या काही तारखांना हटवून पुन्हा जुन्या जागी आणली गेली असेल, तर तिची जादा प्रत तयार होते. तेवढी किंचित वाढ मान्य करण्यात आली.

बोर्गच्या साठ्याचे काम तुलनेने सोपे होते, कारण त्यातले दुवे फाइलव्यवस्थेत नसून साठ्याच्या स्वतःच्या फाइलींत असतात, आणि कोणीही लिहीत नसताना तो साठा साध्या कॉपीनेही सुखरूप जातो. तेथील जोखीम किल्लीची होती. माहिती कूटबद्ध असल्याने सांकेतिक शब्द, आणि किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवली असल्यास ती फाइल, यांच्याविना स्थलांतरित साठा न वाचता येणारा ढीग ठरतो. दुसरी काळजी अशी की जुनी आणि नवी प्रत यांची अंतर्गत ओळख एकच राहते. म्हणून नव्या प्रतीवर लिहिणे सुरू झाल्यावर जुनीवर पुन्हा बॅकअप घेता कामा नये. पहिल्याच जोडणीत बोर्ग साठ्याची जागा बदलल्याचा इशारा देऊन संमती विचारतो, आणि रात्री आपोआप चालणारे काम या प्रश्नापाशी अडू नये म्हणून ती संमती हाताने देऊन ठेवावी लागते.

कामाची वेळ ठरवताना गोंदियाचे हवामान आणि कराचे वेळापत्रक दोन्ही आडवे येत होते. खरीप धानाच्या खरेदीचा हंगाम, मार्चअखेर आणि सप्टेंबरातील लेखापरीक्षणाची गर्दी वगळल्यावर मे महिना उरला, आणि त्यातही २० तारखेची मासिक विवरणपत्रे भरून झाल्यानंतरचे दिवस. पण मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कार्यालये कूलरवर चालतात. कूलरची हवा ओलसर असल्याने ती सर्व्हरच्या दिशेने सोडणे हिताचे नाही, तर कूलर बंद ठेवल्यास तासन्‌तास सलग वाचल्या जाणाऱ्या जुन्या डिस्का तापतात. म्हणून एसी असलेल्या आतल्या खोलीत दोन्ही सर्व्हर शेजारी ठेवून, एकाच केबलने जोडून, मुख्यतः रात्री काम करण्यात आले. गीगाबिट जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट हा वेग मोठ्या फाइलींपुरता खरा असतो. लाखो लहान पावत्यांच्या बाबतीत तो बराच खाली येतो, आणि कामाचा अंदाज याच फाइलींवरून बांधावा लागतो.

पडताळणी तीन पायऱ्यांनी झाली. पहिल्या पायरीत दोन्हीकडील एकूण जागा आणि फाइलींच्या यादीत दिसणारा दुव्यांचा आकडा ताडून पाहण्यात आला : जुन्या सर्व्हरवर ज्या स्कॅन केलेल्या बिल्टीपुढे ६० हा आकडा होता, तिच्यापुढे नव्या सर्व्हरवरही ६० दिसला, म्हणजे ती ६० तारखांत असूनही डिस्कवर एकदाच लिहिली गेली होती. दुसऱ्या पायरीत निवडक तारखांच्या फाइलींचे हॅश जुळवण्यात आले आणि बोर्गच्या साठ्याची त्याच्याच तपासणी-आज्ञेने, सर्व तुकडे वाचून, तपासणी झाली. तिसरी पायरी सर्वांत बोलकी ठरली. एका मिलचा जुन्या वर्षातील ३१ मार्चचा डेटा नव्या सर्व्हरवरून काढून, त्याची आणखी एक नक्कल घेऊन, टॅलीत उघडण्यात आला आणि त्यातील तेरीजपत्रक फाइलीतील स्वाक्षरी केलेल्या छापील तेरीजपत्रकाशी ओळीओळीने ताडण्यात आले. हॅश जुळणे म्हणजे बाइट जुळणे. तेरीज जुळणे म्हणजे हिशेब परत मिळणे.

या सर्व कामातून निघणारा निष्कर्ष जागेच्या बचतीविषयीचा आहे. फोल्डरात ६० तारखा दिसत असल्या तरी न बदललेल्या फाइलीची प्रत एकच असते, आणि तिच्याखालचा डिस्कचा भाग खराब झाला तर साठही तारखांतील ती बिल्टी एकाच वेळी जाते. हार्ड लिंक असो वा डीडुप्लिकेशन, जागा वाचते ती प्रती कमी करूनच. त्यामुळे संग्रह जितका आटोपशीर, तितकी त्याची दुसरी पूर्ण प्रत आवश्यक. ही जाणीव झाल्यावर जुना सर्व्हर भंगारात काढण्याचा बेत रद्द झाला नाही, पण पुढे ढकलला गेला : वाचलेल्या जागेच्या पैशातून आणखी एक डिस्कसंच घेऊन, त्यावर मालिकेची स्वतंत्र प्रत तयार करून ती दुसऱ्या इमारतीत ठेवली गेली आणि तिच्यातूनही एक तेरीजपत्रक जुळल्यानंतरच जुन्या डिस्का पुसण्यात आल्या.