सात अंशांखाली

पहिल्या हिवाळ्यात मी माँट्रियलहून बाबांना फुशारकीने सांगितलं, "विंटर टायर बसवलेत, काळजी नको." क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात. तीस वर्षं घाटात एसटी चालवलेले बाबा एवढंच म्हणाले, "गाडी निघते कशी ते नको सांगूस. थांबते कशी ते सांग."

मला ते टायर म्हणजे कवचकुंडलंच वाटत होते. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं. यांचं मऊ राहतं. वर कोरलेल्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. ताज्या बर्फात गाडी खरंच झकास पळायची.

मग जानेवारीतली एक सकाळ. तापमान शून्याच्या आसपास, रस्ता नुसता ओला दिसत होता. स्टॉपच्या पाटीआधी ब्रेक दाबला. एबीएस पायाखाली थडथडलं आणि गाडी शांतपणे पुढे सरकत राहिली. समोर शाळेत निघालेलं एक पोर रस्ता ओलांडत होतं. ते पलीकडे पोचलं, त्यानंतर गाडी थांबली.

उणे २० पेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त निसरडा. त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. विंटर टायर तिथेही साध्या टायरपेक्षा लवकर थांबवतात, पण कोरड्या रस्त्यासारखं कधीच नाही. उरलेलं अंतर आपणच ठेवायचं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिल्या पावसात घाट असाच असतो. टायर बघून नाही, रस्ता बघून चालवायची."

आता हिवाळाभर रोज विचारतात, "आज किती अंश?"