रणमंडळाच्या वाटेनं

सोलापूरच्या थोरल्या मामांच्या एका वाक्यानं ही सहल ठरली. ‘नर-मादी धबधबा बघायला सगळे पळतात, पण आम्ही पोरं होतो तेव्हा याच हैदराबाद रोडनं रणगाडे नळदुर्गला गेले.’ घरी मी फक्त धबधबा आणि किल्ल्यातली भटकंती एवढंच सांगितलं. पुढचं पोटात ठेवलं. कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून निघालो. तुळजापूरचं दर्शन परतीवर ढकललं.

पाऊस ओसरला होता, धबधब्याची धार बारीक झाली होती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बसवला. वरून नदी, आत माणसं. उपली बुरूज चढून तोफा पाहिल्या, उतरलो. गाइडची सगळी हौस राणीमहालाच्या गोष्टींत. 1948 विचारलं तर म्हणाला, ‘ते हैदराबादला झालं, साहेब.’ याचाच मला राग आला. कारण ते आधी इथं झालं.

मग मुलांना घेऊन बांधावरून पलीकडे रणमंडळात शिरलो. जोडकिल्लाच हा. गवत, पडका तट, वर्दळ नाही. लेकीनं विचारलं, ‘बाबा, सैन्य कुठून आलं?’ मी म्हटलं, ‘आपण आलो त्याच रस्त्यानं.’

13 सप्टेंबर 1948. मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या भारतीय फौजा पहाटे सोलापूरकडून सरहद्द ओलांडून निजामाच्या राज्यात घुसल्या. समोर हैदराबादची पहिली इन्फंट्री. बोरीवरचा पूल शत्रूनं उडवला असता तर रणगाडे नदीकाठीच अडले असते. 7 ब्रिगेडनं तो अचानक गाठून शाबूत मिळवला आणि शीख पलटणीनं नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. सकाळी 9 वाजता चिलखती तुकडी जळकोटात होती, दुपारी उमरग्यात. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली.

एस. एन. प्रसादांनी संरक्षण मंत्रालयासाठी लिहिलेला या कारवाईचा, म्हणजे ‘ऑपरेशन पोलो’चा, इतिहास 1972 मध्ये आला. लष्करी इतिहास म्हणून त्याचं मोल मी मानतो. पण ही लढाई पाच दिवसांत मोजण्याशी माझं भांडण आहे. इथल्या खेड्यांची लढाई त्या पहाटेच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. त्याच्या टोळ्यांच्या जाळपोळीला भिऊन माणसं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे पळत होती. आणि ही लढाई 17 तारखेला संपलीही नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजानं कारवाईच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद एक, म्हणजे हाच जिल्हा. रझाकारांचे अत्याचार सांगणारे हे गाळतात, हे सांगणारे ते गाळतात. माझ्या मते दोन्ही एकाच तोंडानं सांगितल्याशिवाय नळदुर्ग सांगितलाच जात नाही.

त्या पडक्या तटाखाली भाकरी खाता खाता मी मुलांना दोन्ही सांगितलं. धाकट्यानं विचारलं, ‘मग आपण जिंकलो ना?’ त्याची आई म्हणाली, ‘जिंकलो. पण पुढचंही ऐक.’ उन्हं कलली, तुळजापूर राहूनच गेलं. कुणी कुरकुरलं नाही.

किल्ला राज्य पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे. पण गाइडच्या गोष्टी पाणीमहालापर्यंतच पोचतात. बोरीच्या पुलाशी 13 सप्टेंबरचा एक फलक लागायला हवा, रझाकारांचा जुलूम आणि नंतरची कत्तल दोन्ही लिहिलेला. तो लागेल तेव्हा लागेल. पण त्या सकाळी जी पोरं होती ती आज ऐंशीच्या पुढं आहेत. नळदुर्ग, जळकोट, उमरगा, सोलापूर, जिथं तुमचे असे आजोबा-आजी, मामा असतील तिथं याच महिन्यात जाऊन बसा आणि त्यांचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा.